आकाशातून येणारा दगड: धोका किती खरा, आणि तो वेळेवर कळतो कसा?

फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस होते आणि सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मेसेज फिरत होता. २२ डिसेंबर २०३२ ला आकाशातून एक प्रचंड दगड येणार, मुंबईवर पडणार आणि सगळं संपणार. कुणी आगीच्या गोळ्याचे व्हिडिओ जोडले, कुणी 'दुआ करा' असं लिहून तो पुढे पाठवला. आमच्या वर्गात एका मुलाने हात वर करून विचारलं, "सर, सच्ची में कयामत आ रही क्या? फिर पेपर काहे कू देना?" वर्ग हसला, पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

त्या दिवशी आम्ही पुस्तक बाजूला ठेवून त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तेच इथे सविस्तर मांडतो आहोत. कारण तो मेसेज निव्वळ खोटा नव्हता. त्यात थोडं खरं होतं, आणि अर्धवट खरी गोष्ट पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घाबरवते.

मेसेजमध्ये खरं काय होतं?

२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधल्या 'ॲटलास' नावाच्या दुर्बिणीला एक नवा लघुग्रह दिसला. त्याला '२०२४ वायआर४' असं नाव मिळालं. आकार साधारण ६० मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढा. त्याची वाट मोजल्यावर असं दिसलं की २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीच्या फार जवळून जाईल, कदाचित धडकेलही. धडकलाच तर कुठे, याचा एक लांब पट्टा शास्त्रज्ञांनी काढला. तो प्रशांत महासागराच्या पूर्व भागातून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र असा येत दक्षिण आशियापर्यंत पोहोचत होता. मुंबईचं नाव आलं ते या पट्ट्यामुळे.

धडकेची शक्यता आधी एक टक्का होती. १८ फेब्रुवारी २०२५ ला ती ३.१ टक्के झाली. एवढ्या आकाराच्या लघुग्रहासाठी आजवर नोंदलेली ती सर्वांत मोठी शक्यता होती. लोक घाबरले ते इथेच, 'आकडा वाढतोय, म्हणजे दगड जवळ येतोय!' पण आठवडाही झाला नाही, तोच २४ फेब्रुवारीला हा आकडा ०.००४ टक्क्यांवर आला. २०३२ मध्ये पृथ्वीला त्याच्यापासून धोका नाही, हे स्पष्ट झालं.

घाबरवणारा मेसेज ज्यांनी पाठवला, त्यातल्या किती जणांनी ही दुसरी बातमी पाठवली? आमच्या मोबाईलवर तर एकही आली नाही.

आकडा वाढून एकदम खाली कसा आला?

हे समजायला क्रिकेटचं मैदान पुरे. तुम्ही सीमारेषेजवळ उभे आहात आणि फलंदाजाने चेंडू उंच टोलवला. पहिल्या क्षणी तो मैदानात कुठेही पडू शकतो. तुमच्या डोक्यावर पडण्याची शक्यता समजा शंभरात एक. जरा वेळाने कळतं की चेंडू डाव्या बाजूला चाललाय, आणि तुम्हीही डावीकडेच आहात. आता शक्यता पन्नासात एक झाली. चेंडूने वाट बदलली नाही, तो तुमच्यावर नेम धरूनही आला नाही. आपला अंदाज आवळत गेला एवढंच. आणखी थोड्या वेळाने दिसतं की तो वीस पावलं पलीकडे पडणार. शक्यता शून्य.

लघुग्रहाचंही असंच असतं. सुरुवातीला चार-आठ दिवसांचीच निरीक्षणं हातात असतात, त्यामुळे अंदाजाचा पट्टा रुंद असतो. निरीक्षणं वाढतात तसा तो अरुंद होत जातो. पृथ्वी त्या अरुंद पट्ट्यात असेपर्यंत टक्केवारी वाढत राहते, आणि पट्टा पृथ्वीवरून सरकला की धाडकन उतरते. ३.१ टक्के म्हणजे ३२ पैकी एक. म्हणजेच सर्वांत वाईट दिवशीसुद्धा ३२ पैकी ३१ शक्यता आपल्या बाजूने होत्या.

तारा तुटतो म्हणजे काय?

सूर्याभोवती मोठ्या ग्रहांप्रमाणेच लाखो लहानमोठे खडक फिरतात. त्यातले बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आहेत. हे लघुग्रह. उर्दूत त्यांना सय्यारचे म्हणतात. त्यांचा एखादा लहान तुकडा पृथ्वीच्या हवेत शिरून पेटला की आपण 'तारा तुटला' म्हणतो. ती उल्का, उर्दूतला शहाबे साकिब. बहुतेक उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात आणि वरच जळून जातात. जो तुकडा जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी.

अशनी पडणं नवीन नाही. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात भर दुपारी मोठा आवाज झाला आणि आकाशातून दगड पडले. त्याच्याही आधीची नोंद खुद्द बादशाह जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. एप्रिल १६२१ मध्ये जालंधरजवळ एक लोखंडी अशनी पडला. बादशाहने तो मागवला, वजन करवलं आणि उस्ताद दाऊद या कारागिराकडून त्या लोखंडाच्या दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी करून घेतली. नुसतं ते लोखंड घणाखाली टिकेना, म्हणून त्यात साधं लोखंड मिसळावं लागलं, हेही त्याने लिहून ठेवलं. ती सुरी आज अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या बादशाहने आकाशातल्या दगडाचं काय केलं? घाबरला नाही. मोजला, वापरला आणि नोंद ठेवली.

आकाशातून पडणारं सगळं अशनीच असतं असंही नाही. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आठवा. गुढीपाडव्याचा दिवस, आणि आपल्याकडे रमजानचा चाँद दिसलेला. त्या रात्री राज्याच्या अनेक भागांत आकाशातून जळते लोळ जाताना दिसले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात लोखंडी कडं येऊन पडलं. लोकांनी उल्का म्हटलं, अपशकुन म्हटलं. अभ्यासकांनी सांगितलं, तो चिनी रॉकेटचा भाग होता.

मोठा दगड पडला तर? लोणार बघा

याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार तेरखेड्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा आणि त्यात खारं पाणी. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तही लोणारची नोंद आहे, इथल्या खारापासून काच आणि साबण बनतो म्हणून.

हा खड्डा ज्वालामुखीचा असावा असं पुष्कळ काळ वाटत होतं. तसं वाटणं साहजिक होतं, कारण आपल्या पायाखालचा हा काळा दगड, दख्खनचा बसाल्ट, मुळात लाव्हाच आहे. पण १९७० च्या दशकात खड्ड्याच्या तळाशी भोकं पाडून नमुने काढले, तेव्हा त्यात एका खास प्रकारची काच सापडली. ज्वालामुखीत तशी काच होत नाही. त्यासाठी लागणारा दाब फक्त आकाशातून आलेल्या टकरीतच तयार होतो. खड्ड्याचं वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं सांगितलं जाई. नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास निघालं. बसाल्ट खडकात इतका चांगला टिकलेला असा खड्डा जगात दुर्मिळ आहे.

आता लक्षात घ्या. लोणारला धडकलेला दगड काही अंदाजांनुसार ६० मीटरच्या आसपास होता, म्हणजे २०२४ वायआर४ एवढाच. असा दगड शहरावर आला तर शहर उरणार नाही. जग मात्र संपणार नाही. जग हादरवणारा दगड वेगळा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत पडला तो सुमारे १० किलोमीटरचा होता, ज्याने डायनासोर संपवले. तशा महाकाय लघुग्रहांपैकी पृथ्वीला धोक्याचा ठरेल असा एकही आज नजरेत नाही. दगड जितका मोठा, तितकी त्याची पाळी विरळ. काही मीटरचे दरवर्षी येतात, पन्नास-साठ मीटरचे काही शतकांतून किंवा हजारो वर्षांतून एखादा.

तेरखेड्याला हे वेगळं सांगायला नको

आपलं तेरखेडा शोभेच्या दारूचं गाव. फटाक्यांच्या कारखान्यांवर इथली कितीतरी घरं चालतात, आणि स्फोट म्हणजे काय हे या गावाने जवळून सोसलं आहे. इथल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: उजेड आधी दिसतो, आवाज आणि धक्का मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. हीच माहिती रशियातल्या एका शहराला नव्हती.

१५ फेब्रुवारी २०१३, सकाळी सव्वानऊच्या सुमारास चेल्याबिन्स्क शहरावर सूर्यासारखा लख्ख उजेड झाला. जेमतेम २० मीटरचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने येऊन सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटला होता. त्याची ताकद हिरोशिमाच्या अणुबॉम्बच्या तीसपट. पण तो फार उंचावर फुटल्यामुळे धक्का खाली यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. तेवढ्या वेळात लोकांनी काय केलं? कुतूहलाने खिडक्यांना नाक लावलं. मग धक्का आला आणि शहरभर काचा फुटल्या. सुमारे पंधराशे लोकांना दवाखाना गाठावा लागला. त्यातले बहुतेक काचांनी कापलेले.

त्याच शहरात युलिया कार्बिशेवा नावाची चौथीची शिक्षिका होती. उजेड कशाचा, हे तिलाही माहीत नव्हतं. तरी तिने वर्गातल्या ४४ मुलांना खिडक्यांपासून दूर, बाकांखाली वाकायला लावलं. ती स्वतः उभी राहिली. काचेने तिचा हात खोलवर कापला. मुलांना ओरखडाही आला नाही. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. त्या सकाळी चव्वेचाळीस लेकरं वाचली ती एवढ्याशा माहितीवर: उजेड दिसला की खिडकीकडे जायचं नाही.

किल्लारी आणि लघुग्रह यांतला फरक

आपल्या जिल्ह्याला आणि लातूरला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं झोपेत असतानाच ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसं गेली. त्या रात्री कुणी इशारा दिला नाही, कारण देताच येत नव्हता. भूकंप अमक्या दिवशी, अमक्या वेळी होईल, हे आजही जगात कुणी सांगू शकत नाही.

लघुग्रहाचं तसं नाही. त्याची वाट गणिताने बांधलेली असते. एकदा नीट दिसला की पुढची पन्नास-शंभर वर्षं तो कधी कुठे असेल, हे बहुतेक वेळा सांगता येतं. नैसर्गिक संकटांमध्ये इतक्या आधी कळू शकणारं आणि टाळताही येऊ शकणारं बहुधा हे एकच. अट एकच: तो वेळेत दिसला पाहिजे.

दिसतो कसा? दुर्बिणी रात्रभर आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घेतात. तारे जागेवर राहतात, एखादा ठिपका सरकलेला दिसतो. त्याची नोंद अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जाते, तिथून जगभरच्या दुर्बिणी तो ठिपका पकडतात आणि वाट मोजली जाते. पृथ्वीजवळून जाणारे असे सुमारे ४० हजार लघुग्रह आजवर नोंदले गेले आहेत. चिलीतल्या नव्या व्हेरा रुबिन वेधशाळेने तर २०२५ मध्ये सुरुवातीच्या अवघ्या दहा तासांच्या निरीक्षणात दोन हजारांहून जास्त नवे लघुग्रह शोधले. त्यातले बहुतेक दूरचे आणि निरुपद्रवी.

पडण्याआधी दिसलेला पहिला दगड सुदानमध्ये पडला. ६ ऑक्टोबर २००८ ला तो दिसला आणि वीस तासांच्या आत, सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी न्युबियाच्या वाळवंटावर फुटला. तो चारेक मीटरचाच होता, कुणाला इजा झाली नाही. पुढे खार्टुम विद्यापीठाचे विद्यार्थी ओळीने वाळवंट तुडवत निघाले आणि त्यांनी शेकडो तुकडे गोळा केले. त्या अशनीला जवळच्या रेल्वे स्टेशनचं अरबी नाव मिळालं: 'अलमहाता सित्ता', म्हणजे सहा नंबरचं स्टेशन. आपल्यासारख्याच साध्या घरांतल्या पोरापोरींनी पायी चालून विज्ञानाला दिलेला तो ठेवा आहे.

आणि थांबवायचा कसा?

तेही करून पाहिलं आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारायचा. धडकेनंतर ती फेरी अर्ध्या तासाहून थोडी जास्त कमी झाली. एवढ्याने काय होतं? पुष्कळ होतं. दहा-वीस वर्षं आधी एक हलकासा धक्का दिला की पृथ्वीपर्यंत येईतो त्या दगडाची वाट हजारो किलोमीटरने सरकते. पण आठवडाभर आधी कळलं तर असा धक्का कामाचा नाही, तेव्हा गावं रिकामी करणं एवढंच हातात उरतं.

म्हणून खरी काळजी त्या व्हिडिओतल्या दगडाची नाही, न दिसलेल्या दगडांची आहे. एक किलोमीटरपेक्षा मोठे जवळजवळ सगळे सापडलेत. पण १४० मीटरपेक्षा मोठे, म्हणजे एखादा प्रांत उद्ध्वस्त करू शकतील असे, अंदाजे २५ हजार असावेत आणि त्यातले निम्मेही अजून सापडलेले नाहीत. शिवाय सूर्याच्या दिशेने येणारा दगड जमिनीवरच्या दुर्बिणीला दिसत नाही. चेल्याबिन्स्कचा तसाच आला होता. त्यासाठी उष्णता टिपणारी एक अंतराळ दुर्बीण नासा तयार करत आहे. ती २०२७ मध्ये सोडण्याचा बेत आहे. आपल्या इस्रोनेही २०२४ पासून या विषयात लक्ष घातलं आहे. लडाखमध्ये हानले इथे आयआयटी मुंबईच्या सहभागाने चालणारी दुर्बीण लघुग्रहांचा मागोवा घेते.

कयामतचं काय?

त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. कयामतची घडी कधी, याचं इल्म फक्त अल्लाहकडे आहे, हे कुरआनमध्ये स्पष्ट आहे. मग तारीख, वार आणि शहराच्या नावासकट कयामत जाहीर करणारा मेसेज दीनच्या नावाने पुढे पाठवायचा कसा?

हदीसमधला प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकला आहे. हुजूर (सल्लल्लाहू अलैहि वसल्लम) यांचे लाडके साहेबजादे इब्राहीम यांचा इंतकाल झाला, त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्यांच्या जाण्याने सूर्य काळवंडला. एवढ्या दुःखातही हुजूरांनी ते नाकारलं. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, असं समजावलं आणि नमाजला उभे राहिले. म्हणजे खोट्या समजुतीला थारा नाही, आणि दुआही सोडायची नाही. उंट बांध आणि मग अल्लाहवर भरोसा ठेव, ही शिकवणही आपलीच. दुर्बीण लावणं म्हणजे उंट बांधणंच नाही का?

आपण काय करायचं?

एक: असा मेसेज आला की तारीख आणि लघुग्रहाचं नाव बघा. नाव नसेल तर मेसेज तिथेच थांबवा. नाव असेल तर नासा किंवा युरोपीय अंतराळ संस्थेच्या यादीत आजची टक्केवारी बघा. महिन्याभरापूर्वीचा आकडा शिळा असतो.

दोन: आकाशात असामान्य लख्ख उजेड दिसला तर खिडकीकडे आणि काचेजवळ जाऊ नका. भिंतीच्या आडोशाला वाका आणि दोन-तीन मिनिटं थांबा. कारखान्यात स्फोट झाला तरी हीच सवय कामी येते. घरातल्या लेकरांना हे आजच सांगा.

तीन: शाळांनी मुलांना लोणार दाखवावं. 'इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन' या उपक्रमात शाळकरी मुलांनाही दुर्बिणीचे खरे फोटो फुकट मिळतात आणि त्यात सरकणारा ठिपका शोधायचा असतो. एक संगणक, इंटरनेट आणि धीर एवढंच लागतं. भारतातल्या मुलांनी त्यात भाग घेतला आहे. मग तेरखेड्याच्या का नको?

आणि एक तारीख लिहून ठेवा. अपोफिस नावाचा सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे सव्वातीनच्या सुमारास, पृथ्वीपासून अवघ्या ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. २००४ मध्ये त्याच्याही धडकेची शक्यता २.७ टक्के सांगितली होती आणि ती तशीच शून्यावर आली. पुढची शंभर वर्षं तरी त्याच्यापासून धोका नाही. त्या दिवशी आंबेडकर जयंती असते, म्हणजे तारीख विसरायची सोय नाही. तेव्हाही 'जग संपणार' असे मेसेज येतील, हे आम्ही आजच सांगून ठेवतो.

त्या मुलाला आम्ही शेवटी एवढंच म्हणालो, "पेपर दे बेटा. पुढचा दगड शोधायला कुणीतरी शिकलेला लागेल." तो पेपरला गेला.